नसीम मॅडमचा चार्ज

सरकारी जीपची किल्ली पर्समध्ये घालून मी एकदा एसटीनं दौऱ्यावर गेले होते. तुम्हाला वाटेल, विसरली असेल बिचारी. विसरले नव्हते. ऑफिसला शिस्त लावायची म्हणून ती किल्ली मी ड्रायव्हरच्या हातातून मागून घेतली, पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली, चेन लागली का ते ओढून पाहिलं आणि ऐटीत बसस्टँडचा रस्ता धरला. मग जीपच का नेली नाही? तर जीप नेली असती म्हणजे लोक म्हणाले असते, चार्ज मिळाला की बाई गाडी उडवायला लागली. थोडक्यात, जीप मी वापरणार नव्हते आणि दुसऱ्या कुणाला वापरू देणार नव्हते. याला मी तेव्हा प्रशासन म्हणत असे.

तेव्हा मी काही कोवळी पोर नव्हते. पन्नाशीला टेकले होते, चष्मा लागला होता, दोन सुना बघून ठेवल्या होत्या. आज नातवंडं ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावतात आणि किल्ली पर्समध्ये गेली की आधीच हसायला लागतात. हसू देत. पण गोष्ट खरी माझी नाही, नसीम मॅडमची आहे. मी त्यात फक्त घोळ घातला.

नसीम मॅडम आमच्या बाल विकास प्रकल्प अधिकारी. तालुक्यातल्या सगळ्या अंगणवाड्या त्यांच्याकडे, आणि त्यांच्या नि अंगणवाड्यांच्या मधे आम्ही सहा पर्यवेक्षिका. तालुका जालना जिल्ह्यातलाच. नाव लिहीत नाही, कारण यातली काही माणसं अजून भाजी घेताना भेटतात. मॅडम बुटक्या, अंगानं भरलेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. पंजाबी ड्रेसखाली निळे कॅनव्हासचे बूट. पहिल्या दिवशी ते बूट बघून मी ठरवून टाकलं की ही बाई काही खरी अधिकारी नव्हे. अधिकारी कसा असतो हे मला पक्कं माहीत होतं, कारण निम्मा जन्म मी अधिकाऱ्यांच्या दाराबाहेर उभं राहण्यात घालवला होता.

त्या आल्या त्याच आठवड्यात माझ्या बीटातल्या, म्हणजे माझ्या वाट्याच्या गावांतल्या, एका अंगणवाडीचे पत्रे उडाले. पोरं कुठं बसवायची, शाळेच्या व्हरांड्यात की मंदिराच्या सभामंडपात, असा प्रश्न. मी फाइल छातीशी धरून आत गेले आणि विचारलं, मॅडम, कुठं बसवू? मॅडमनी टेबलाच्या खणातून एक मोसंबी काढली आणि नखानं सोलायला लागल्या.

"तुम्ही काय ठरवलं?"

मी म्हणाले, मी काय ठरवणार, तुम्ही सांगाल तसं.

"गावात तुम्ही जाऊन आल्या. मी न्हाई गेले. मंग मला काय माहीत?"

आणि मान पुन्हा मोसंबीत घातली. सोलणं चालू. सालाचा वास खोलीभर. मी उभी. मोसंबी सोलून झाली, फोडी सुट्या झाल्या, पांढरे धागेसुद्धा निघाले, तरी माझ्या तोंडातून शब्द फुटेना. शेवटी त्यांनी अर्ध्या फोडी माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "खा. आणि उद्या सांगा."

बाहेर येऊन मी वंदनाला म्हणाले, ह्या बाईला काही येत नाही, म्हणून आपल्याला विचारती. वंदना साळवे माझ्याहून बरीच लहान, नोकरीत माझ्या मागून आलेली, जीभ मात्र माझ्या पुढं गेलेली. ती म्हणाली, "शेळकेबाई, तुम्हाला तरी कुठं आलं सांगता?" मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. पोरं शेवटी शाळेच्या व्हरांड्यात बसली, कारण आयांनी सांगितलं, मंदिरातल्या फरशीवर पोरं घसरतात. ते मला आधीपासून माहीत होतं. फक्त बोलायची सवय नव्हती.

मोसंबी हे पुढं आमचं घड्याळच झालं. आमच्या भागात बागा पुष्कळ, मोसंबीला तोटा नाही. मॅडम प्रश्न टाकायच्या आणि सोलायला घ्यायच्या. सोलून होईपर्यंत कुणीतरी तोंड उघडायचंच असा अलिखित नियम. पहिले काही महिने आम्ही खूप मोसंब्या खाल्ल्या आणि फार थोडं बोललो. हळूहळू प्रमाण उलटं झालं.

मासिक बैठकीत तर त्यांनी कहरच केला. साहेबांची खुर्ची कशी असते तुम्हाला ठाऊक आहे: पाठ उंच, वर पांढरा टॉवेल. मॅडम त्या खुर्चीत बसतच नसत. ज्या बाईच्या बीटातला विषय सगळ्यात अवघड, तिनं त्या दिवशी तिथं बसायचं आणि बैठक चालवायची. स्वतः मॅडम दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत. वंदनाची पाळी आली तेव्हा ती दोन्ही कोपरं पसरून अशी बसली, जशी काही त्याच खुर्चीत जन्मली. माझी पाळी आली तेव्हा मी कडेवर टेकले, अर्धी हवेत. टॉवेलला पाठ लागू दिली नाही. कुणी काही विचारलं की माझी मान आपोआप दाराकडे वळायची: "मॅडम काय म्हणतात..."

तिसऱ्यांदा मान वळली तेव्हा मॅडम उठून बाहेर निघून गेल्या. मला वाटलं रागावल्या. नंतर खिडकीच्या जाळीतून दिसलं. व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या, ओढणीचं टोक दातात धरून चावत होत्या. आतलं सगळं त्यांना ऐकू येत होतं. मी एक चुकीचं गाव सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले, पण आत आल्या नाहीत. ते दुसऱ्या बाईनं दुरुस्त केलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की गप्प बसणं या बाईला आपल्यापेक्षा जड जातंय.

वरच्यांना हे पसंत नव्हतं. एकदा जिल्ह्याहून साहेब आले. त्यांनी कमी वजनाच्या मुलांचं विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, हे वंदनाताई सांगतील. साहेब म्हणाले, मी तुम्हाला विचारतोय. आम्ही सगळ्याजणी फाइली चाळायला लागलो.

"साहेब, मला बी त्यांनीच सांगितलं," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मधी मी कशाला?"

साहेबांनी ऐकलं, पण जाताना दारात आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, ऑफिसला एक डोकं असावं, नाहीतर जबाबदारी कुणावर टाकायची? ते गेल्यावर चहा आला. मॅडमनी चहा बशीत ओतला तो निम्मा टेबलावर सांडला. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं तशी त्यांनी बशी खाली ठेवली आणि कप दोन्ही हातांनी धरला. निळे बूट घातले म्हणून भीती वाटत नाही असं थोडंच असतं.

एकदा दौऱ्यावरून येताना वाटूरच्या पुढं जीप पंक्चर झाली. ड्रायव्हर अंकुश चाक बदलत होता. आम्ही दोघी बाभळीखाली. मी धीर करून विचारलं, मॅडम, तुम्ही पहिल्यापासून अशाच का?

त्या हसल्या. म्हणाल्या, पहिल्या ठिकाणी मी लई कडक होते. खडू घ्यायचा तरी माझी सही. सगळे दारात उभे राहायचे आणि मला ते फार आवडायचं. मग माझं ऑपरेशन झालं, महिनाभर घरी होते. परत आले तर काहीच हललेलं नव्हतं. "आधी तर मी खूश झाले, कुसुमताई. वाटलं, बघा, माझ्याबिगर चालत न्हाई. मंग एका सेविकेनं सांगितलं, तिच्या गावात पोरांना महिनाभर खाऊ गेला न्हाई. माल आल्ता, पण माझी सही न्हाई म्हणून कुणी पोतं फोडलं न्हाई."

चाक बसलं. आम्ही निघालो. हे इतकं स्पष्ट ऐकूनही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही, हे मला आज मोठं नवल वाटतं. दाराबाहेर फार वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला दार नको असं कधी वाटत नाही. त्याला आपलं स्वतःचं दार हवं असतं, आणि बाहेर कुणीतरी उभं हवं असतं.

ते मला मिळालं. मॅडमची मुलगी हैदराबादला, तिचं पहिलं बाळंतपण. मॅडमनी रजा टाकली आणि ज्येष्ठतेनं चार्ज माझ्याकडे आला. पहिल्याच दिवशी मी नवा टॉवेल आणला, गुलाबी फुलांचा. सगळ्यांना उभं करून सांगितलं की आजपासून माझ्या परवानगीशिवाय काही होणार नाही, आणि जीप तर मुळीच हलणार नाही. आधी पद्धत अशी होती, की ज्या बाईला तातडीचं काम, तिनं अंकुशला सांगायचं आणि निघायचं. मॅडमना नंतर कळवायचं.

वंदनानं विचारलं, "शेळकेबाई, तुम्ही फिरतीवर असल्या तर?"

"मंग थांबायचं," मी म्हणाले. माझ्या कारकिर्दीतलं हे सगळ्यात गाजलेलं वाक्य.

तो लग्नसराईचा उन्हाळा होता. मी एका लांबच्या वस्तीवर बाजेवर बसून सेविकेला शिस्तीचं महत्त्व समजावत होते. फोनला रेंज नव्हती. इकडे ऑफिसात वंदनाला एका गावातून फोन आला. दोन वर्षांची पोर, आधीच हाडं दिसणारी, पहाटेपासून जुलाब-उलट्या, आता डोळे आत गेलेत, रडत पण नाही. रुग्णवाहिका दुसऱ्या टोकाला गेलेली. वंदना धावत अंगणात आली. जीप समोर उभी, अंकुश जीपला टेकलेला. तो म्हणाला, "ताई, किल्ली बाईच्या पर्समधी हाय."

मला तिनं किती फोन लावले ते तिनं कधी सांगितलं नाही. अंकुशच्या मोटारसायकलवर बसून ती त्या गावात गेली. पोर बघितली आणि तिला कळलं, हे मोटारसायकलवर न्यायचं काम नाही. गावात त्या वेळी एकच चारचाकी होती. मारुतीच्या देवळापुढं झेंडूच्या माळांनी मढवलेली, नवरदेवाची. नवरदेव आत बसलेला, बाशिंग बांधून, लग्नाच्या गावाला निघायच्या तयारीत. वंदनानं गाडीचं दार उघडलं, कडेवरची पोर त्याला दाखवली आणि म्हणाली, "नवरदेव, उतरा."

तो उतरला. मागून आरडाओरडा सुरू झाला तोवर पोरीची आई आत बसली होती आणि गाडी जालन्याच्या रस्त्याला लागली होती. नवरदेव पाहुण्याच्या मोटारसायकलवर बसून लग्नाला गेला. मुहूर्त टळला.

संध्याकाळी मी स्टँडवर उतरले तर अंकुश उभा. त्याचा चेहरा बघूनच मला कळलं, काहीतरी झालंय. शहाणा माणूस, त्यानं पहिलं वाक्य नीट निवडलं: "बाई, पोरगी वाचली. सलाईन लागलं, आत्ताच पाणी मागितलं म्हणे." मग बाकीचं सांगितलं. मी तिथंच बाकावर बसले. पर्स मांडीवर होती. तिची चेन मी उघडली, लावली, पुन्हा उघडली. शेजारच्या बाईनं विचारलं, मावशी, ऊन लागलं का? मी हो म्हणाले.

पोर वाचली, पण प्रकरण संपलं नाही. नवरदेवाचे वडील दादाराव वजनदार माणूस. त्यांनी जिल्ह्याला तक्रार केली, सरकारी बाईनं भर गावात नवरदेवाला गाडीतून खाली उतरवलं. वंदनाला खुलासा मागितला, निलंबित का करू नये म्हणून. त्यात कारण दिलं होतं, प्रभारी अधिकाऱ्यांची परवानगी न घेता परस्पर कृती. प्रभारी अधिकारी म्हणजे मी. माझीच शिस्त तिच्या गळ्याला लागली होती. तिच्या घरात कमावती ती एकटी. ती माझ्यासमोरून जायची, नमस्कार करायची आणि कामाला लागायची. ती टाकून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

मॅडम रजा अर्धी सोडून परत आल्या. आम्हाला बसवलं. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खणातून मोसंबी काढली.

"काय करायचं?"

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. एकजण म्हणाली, मॅडम, तुम्ही साहेबांना फोन करा ना. मॅडम म्हणाल्या, केला. त्यांना एक नाव पाहिजे. मी माझं दिलं, तर म्हणतात, तुम्ही रजेवर होता. तक्रार मागं घेतली तरच मिटेल. आणि सोलत राहिल्या. वंदना खाली बघत होती. साल अर्ध्यावर आलं होतं तेव्हा कुणीतरी बोललं. दचकून पाहिलं तर आवाज माझा होता. "मी दादारावकडं जाते. किल्लीचं सांगते."

वंदनानं मान वर केली. "एकट्या कशाला? मी बी येते."

मग सगळ्याच निघालो. जीप दादारावांच्या दारात थांबली. मांडव अजून उतरवला नव्हता. आम्ही उतरलो. मॅडम उतरल्या नाहीत. म्हणाल्या, जा तुम्ही.

सतरंजीवर आम्ही सहाजणी, समोर दादाराव खुर्चीत, दारात त्यांची मंडळी पदर सावरून उभी. दादारावांनी आधी मनातलं सगळं ओतलं. पाहुण्यांत नाक कापलं, जन्मभर लोक बोलतील. मी ऐकून घेतलं आणि सुरुवातीपासून सांगायला लागले. टॉवेलसुद्धा वगळला नाही. ते मधेच थांबवून म्हणाले, "थांबा. म्हंजे हापिसाची गाडी उभी व्हती?"

"होती."

"आन् किल्ली?"

"माझ्या पर्समधी."

"आन् तुम्ही?"

"एसटीत."

ते खुर्चीत पुढं सरकले. "पण कामून?"

"शिस्त लावत होते."

दारातून फिसकन आवाज आला. त्यांच्या बायकोनं पदर तोंडात कोंबला होता, पण खांदे हलत होते. मग वंदनाला आवरेना. मग दादारावांच्या मिशा थरथरल्या आणि ते जे हसले, ते खुर्चीचा हात धरून. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या मूर्खपणाचा कुणाला इतका उपयोग झाला नाही. हसणं ओसरलं तेव्हा नवरदेव आतून येऊन उभा होता, हातावरची हळद अजून गेली नव्हती. खाली बघत म्हणाला, "आबा, मला कुणी उतरवलं न्हाई. पोरगी मरत व्हती. मीच उतरलो. तुम्ही चिडून राह्यले व्हते म्हणून बोललो न्हाई." त्याच्या मागं नवी सून उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि चहाला किती साखर ते विचारलं. दादारावांनी दुसऱ्या दिवशी तक्रार मागं घेतली.

बाहेर आलो तर मॅडम जीपमध्ये तशाच बसलेल्या. ओढणीचं टोक ओलं. मी म्हणाले, मिटलं. त्यांनी ओढणी सोडली. मान मागं टाकली, डोळे मिटले, आणि छातीतून असा लांब श्वास सोडला की अंकुशनं वळून पाहिलं. मग पाणी मागितलं आणि बाटलीभर प्यायल्या.

"मॅडम, तुम्ही आत कामून न्हाई आल्या?" वंदनानं विचारलं.

"आले असते तर ते माझ्याशीच बोलले असते. तुम्ही सगळ्या माझ्या मागं बसल्या असत्या."

वंदनाच्या खुलाशाचं प्रकरण बंद झालं. मॅडमना उरलेली रजा घ्यायची होती, आणि ती रजा संपायच्या आतच त्यांची निवृत्ती येत होती. म्हणजे त्या जात होत्या त्या जातच होत्या. मला वाटलं, या वेळी मॅडम चार्जसाठी वर वंदनाचं नाव कळवतील, आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं होतं. तर पत्र आलं ते पुन्हा माझ्याच नावाचं. मला वाटलं, नावात चूक झाली.

आम्ही त्यांना सोडायला जालन्याच्या स्टेशनवर गेलो. मॅडम खिडकीशी बसल्या. मांडीवर बाळाच्या दुपट्यांची पिशवी. बाकीच्या सामान लावत होत्या, वंदना पाण्याची बाटली भरायला नळाकडे गेली होती. मी खिडकीचे गज धरून विचारलं, मॅडम, इतकं होऊन चार्ज पुन्हा मलाच कसा ठरवला?

त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. गाडी हलायला लागली होती.

"मी न्हाई ठरवलं, कुसुमताई. मी सगळ्यांना विचारलं. तुमचं नाव पयलं वंदनानं घेतलं."